विश्लेषण : नखाच्या बुरशीचा रिपोर्ट यायला चार आठवडे का लागतात? मुंबईतल्या कार्टर डॉक्टरांच्या गुलाबी बुरशीची गोष्ट

कांदिवली स्टेशनच्या बाहेर पडून एस. व्ही. रोडला लागले, की थोड्याथोड्या अंतरावर पॅथॉलॉजी लॅबच्या कलेक्शन सेंटरच्या पाट्या दिसतात. मधुमेहाची तपासणी सकाळी दिली की संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर हजर. पण पायाच्या अंगठ्याचे पिवळे पडलेले, जाड झालेले, कडेने भुसभुशीत झालेले नख घेऊन कोणी गेले, तर काउंटरवर वेगळेच उत्तर मिळते. केओएचचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत आणि कल्चरचा चार आठवड्यांनी.

नखाच्या एका तुकड्यासाठी महिनाभर? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात जावे लागते. तिथे एका डॉक्टरने भारतातल्या एका भयंकर रोगाचे कारण बुरशी आहे, हे सूक्ष्मदर्शकातून ओळखले होते. ते बरोबर होते. पण पुरावा म्हणून जी बुरशी उगवलेली सापडली, ती मात्र चुकीची निघाली. नखाच्या नमुन्याबाबत आजच्या लॅबला नेमकी हीच भीती असते.

त्या डॉक्टरचे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. नाव ओळखीचे वाटले नाही, तरी त्यांची चित्रे बहुतेक डॉक्टरांनी पाहिलेली असतात.

कार्टर कोण होते?

ग्रेज अ‍ॅनाटॉमी हे पुस्तक डॉक्टर नसलेल्यांनाही ऐकून माहीत असते. मानवी शरीराची रचना शिकवणाऱ्या या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८५८ मध्ये लंडनमध्ये निघाली. मजकूर हेन्री ग्रे यांचा, पण त्यातली ३६३ चित्रे कार्टर यांची. पुस्तक गाजण्यात या चित्रांचा वाटा मोठा होता. आधीच्या पुस्तकांत स्नायूंना आणि नसांना आकडे दिलेले असत आणि त्यांचा अर्थ खाली किंवा मागच्या पानावर शोधावा लागे. कार्टर यांनी नावे थेट त्या त्या अवयवावरच लिहिली. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याला यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगातले चित्रकार, भाऊही चित्रकार. समुद्रकाठच्या स्कारबरो गावात बालपण गेले. घरात रंग आणि ब्रश, पण मुलाने वैद्यक निवडले आणि तो लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकायला गेला. तिथेच ग्रे यांची गाठ पडली. ग्रे महत्त्वाकांक्षी आणि लोकांत वावरणारे. कार्टर लाजरे, धार्मिक, स्वतःवर सतत शंका घेणारे. ते तरुणपणापासून रोजनिशी लिहीत. आपण पुरेसे कष्ट करत नाही, आपल्याला कोणी ओळखत नाही, ही खंत त्यात पुन्हा पुन्हा येते.

खंतीला कारणही होते. पुस्तकाच्या विक्रीवर ग्रे यांना मानधन मिळत राहणार होते. कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले आणि विषय संपला. मुखपृष्ठाचे प्रूफ आले तेव्हा दोघांची नावे सारख्या आकारात होती. ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान करायला सांगितले आणि त्यांच्या नावापुढचे मुंबईतील प्राध्यापकपद खोडून टाकले. पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर इंग्लंडमध्ये नव्हतेच. ते १८५८ च्या सुरुवातीला बॉम्बे मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन मुंबईला निघून आले होते.

तीनच वर्षांनी, १८६१ मध्ये, ग्रे यांचे देवीच्या रोगाने निधन झाले. वय अवघे ३४. पुस्तकाला मात्र त्यांचेच नाव चिकटले, ते आजपर्यंत.

मुंबईत त्यांनी काय पाहिले?

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय दोन्ही १८४५ मध्ये सुरू झाले होते. कार्टर इथे शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले आणि सोबत रुग्णालयातही काम करू लागले. वॉर्डात त्यांना असे काही रुग्ण दिसले, जसे लंडनमध्ये कधी दिसले नव्हते.

बहुतेक शेतकरी, अनवाणी चालणारे. एक पाय दुप्पट-तिप्पट सुजलेला, बोटांचा आकार हरवलेला आणि त्वचेवर जागोजागी लहान तोंडे पडलेली. त्यातून पू यायचा आणि पुवासोबत बारीक दाणे. काहींचे दाणे बंदुकीच्या दारूसारखे काळे, काहींचे पांढरट-पिवळसर, खसखशीसारखे. दुखणे फारसे नसे, म्हणून माणूस वर्षानुवर्षे अंगावर काढत असे. शेवटी हाड पोखरले गेले, की पाय कापण्याशिवाय इलाज उरत नसे.

रोग नवा नव्हता. आयुर्वेदात वल्मीक, म्हणजे वारूळ, या नावाने अशाच तोंडे पडणाऱ्या गाठीचे वर्णन आहे. ब्रिटिश डॉक्टरांनी १८४० च्या दशकात तो मदुराईत पाहिला आणि मदुरा फूट असे नाव दिले. पण तो होतो कशाने, हे कोणालाच सांगता येत नव्हते. कोणी क्षयाचा प्रकार म्हणे, कोणी हाडाचा आजार म्हणे.

कार्टर यांनी दाणे घेतले, कुस्करले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. काळ्या दाण्यात एकमेकांत गुंतलेले, फांद्या फुटलेले बारीक धागे होते. ते माणसाच्या शरीराचे नव्हते. ती बुरशी होती. १८६० च्या सुमारास बॉम्बेच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे मांडले आणि रोगाला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, असे नाव दिले.

त्या काळात हे धाडसाचे होते. रोग दूषित हवेतून होतात असे मानणारे डॉक्टर तेव्हा बहुसंख्य होते. रॉबर्ट कॉख यांचे जंतूंवरील काम अजून पंधरा-वीस वर्षे दूर होते. सूक्ष्म सजीव माणसाला आजारी पाडतो, याचे जे थोडे पुरावे जगात जमा होत होते, त्यातले बरेचसे बुरशीचेच होते, कारण ती जिवाणूंपेक्षा मोठी असते आणि साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसते. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला डोक्यावरच्या चट्ट्यांत बुरशी दाखवली होती. १८५३ मध्ये जर्मनीत गेऑर्ग माइस्नर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने खराब झालेल्या नखात बुरशीचे धागे दाखवले आणि पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फिरखो यांनी त्या आजाराला ऑनिकोमायकोसिस हे नाव दिले. आज त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर दिसणारा शब्द तो हाच.

म्हणजे नखातली बुरशी आणि पायातली बुरशी यांची ओळख एकाच दशकात पटली. आणि दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहिला. दिसली ती बुरशी नेमकी कोणती?

गुलाबी बुरशीचे काय झाले?

धागे दिसले म्हणजे बुरशी आहे, एवढेच कळते. तिची जात धाग्यांवरून सहसा सांगता येत नाही. त्यासाठी ती वाढवून तिला बीजाणू धरू द्यावे लागतात. कार्टर यांच्याकडे तेव्हा ना निर्जंतुक डबे होते, ना बुरशीसाठीचे खास खाद्य. जपून ठेवलेल्या पायांच्या नमुन्यांपैकी काहींवर मात्र एक लालसर-गुलाबी बुरशी उगवलेली दिसली. रोगट पायावरच उगवली, रंगही लक्षात राहण्यासारखा. हीच ती असणार, असे वाटणे स्वाभाविक होते.

इंग्लंडमध्ये माइल्स बर्कली हे त्या काळचे बुरशीशास्त्रातले मोठे नाव. बटाट्याच्या करप्यामागे बुरशी आहे, हे ठामपणे मांडणारे तेच. त्यांनी या गुलाबी बुरशीचे वर्णन करून तिचे नाव ठेवले कायोनिफी कार्टेरी. शास्त्रीय नावात कार्टर हे आडनाव कायमचे जाऊन बसले.

कायमचे, असे तेव्हा वाटले. पुढे शंका वाढत गेल्या. रुग्णाच्या पायात काळे दाणे, मग बाहेर उगवते ती गुलाबी कशी? ताज्या दाण्यांतून ती उगवत का नाही? कलकत्त्यात टिमथी लुईस आणि डी. डी. कनिंगहॅम या दोन संशोधकांनी १८७५ मध्ये या सिद्धान्तावर सविस्तर टीका केली. बुरशी हे रोगाचे कारण नसून आधीच सडलेल्या भागावर ती नंतर येऊन बसते, असा त्यांचा रोख होता.

आज मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंचा हिशेब मांडता येतो. गुलाबी बुरशी खरोखरच उपरी होती. हवेतून किंवा आसपासच्या वस्तूंवरून नमुन्यावर आली आणि तिथे पोसली. त्याबाबत टीकाकार बरोबर होते. पण तिच्यासोबत त्यांनी मूळ निरीक्षणही बाद ठरवले आणि तिथे ते चुकले. दाण्यातले धागे खरे होते, रोगाचे कारण तेच होते. कार्टर यांचे डोळे चुकले नव्हते, त्यांच्या बरण्या दगा देऊन गेल्या.

मग आजची लॅब वेगळे काय करते?

इंजिनीअरिंगला असताना सिग्नल आणि नॉइज वेगळे करण्याचे धडे आम्ही घोकून पाठ केले होते. नखाच्या नमुन्याइतके त्याचे चांगले उदाहरण तेव्हा कोणी दिले असते तर बरे झाले असते. पायाचे नख दिवसभर बुटात, चपलेत, धुळीत, पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात. त्याच्यावर आणि त्याच्याखाली कितीतरी बुरशींचे बीजाणू नुसतेच बसलेले असतात. त्यातली एखादी खरी गुन्हेगार, बाकीच्या वाटसरू. किंवा गुन्हेगार कोणीच नाही, कारण खराब झालेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांत बुरशी नसतेच. सोरायसिस, बुटाने बसणारा मार, वाढते वय, यांनीही नख तसेच जाड आणि पिवळे होते.

म्हणून काम नमुना घेण्यापासूनच सुरू होते. नख आधी ७० टक्के अल्कोहोलने पुसतात. वाटसरूंची पहिली तुकडी तिथेच गळते. मग सुटलेला नखाचा भाग कापतात आणि नखाखालचा भुगा खरवडतात. यातही मेख आहे. टोकाकडचा भुगा सहज निघतो, पण त्यातली बुरशी बहुधा मेलेली असते आणि वाटसरू जास्त. जिवंत बुरशी मागे, जिथे खराब आणि चांगले नख भेटते, त्या सीमेवर असते. तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, थोडे टोचतेही. घाईत टोकाचा तुकडा नेलकटरने कापून पाठवला, तर पुढचा महिना वाया जाऊ शकतो.

नमुना कोरडाच पाठवतात. कागदाच्या पुडीत किंवा कोरड्या निर्जंतुक डबीत. ओलावा मिळाला की जिवाणू आणि उपऱ्या बुरशी वाटेतच माजतात. कार्टर यांच्या नमुन्यांचे असेच काहीसे झाले असावे.

लॅबमध्ये नमुन्याचे दोन भाग होतात. पहिल्या भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात, यालाच केओएच म्हणतात. नखासाठी ते २० ते ४० टक्के तीव्रतेचे लागते. नख म्हणजे घट्ट केराटिन, अल्कलीत ते हळूहळू विरघळते. बुरशीच्या पेशीभोवतीची भिंत वेगळ्या पदार्थांची असते, ती टिकते. त्वचेचा नमुना काही मिनिटांत पाहण्याजोगा होतो, नखाला तासन् तास, कधी रात्रभर ठेवावे लागते. मग सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसतात. कार्टर यांना १८६० मध्ये दिसले, जवळपास तसेच. काही लॅब कॅल्कोफ्लुअर हा रंग वापरतात. तो बुरशीच्या भिंतीला चिकटतो आणि विशेष प्रकाशात धागे चमकतात, त्यामुळे नजरचूक कमी होते.

केओएच पॉझिटिव्ह म्हणजे नखात बुरशी आहे. ती जिवंत आहे का, कोणती आहे, हे त्यातून कळत नाही.

दुसरा भाग कल्चरला जातो. इथे एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाचे नाव येते, रेमाँ साबुरो. पॅरिसमधल्या सेंट लुई रुग्णालयात काम करणाऱ्या साबुरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात साखर आणि पेप्टोन घातलेले, किंचित आम्लधर्मी असे खाद्य प्रमाण ठरवले. आम्लामुळे जिवाणू मागे पडतात, बुरशीला मात्र चालते. आजही बहुतेक लॅबमध्ये याच नावाचा अगार वापरतात. कार्टर यांच्या हाती हे असते तर, असा विचार मनात येतोच.

नखाचे बारीक तुकडे या अगारवर अनेक ठिकाणी टोचतात. सहसा दोन नळ्या असतात. एकीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि सायक्लोहेक्झिमाइड ही दोन औषधे घातलेली. पहिले जिवाणूंना रोखते, दुसरे हवेतून येणाऱ्या बहुतेक उपऱ्या बुरशींना. नायट्याच्या कुळातल्या बुरशी, ज्यांना डर्माटोफाइट म्हणतात आणि ज्या नख सर्वांत जास्त वेळा खराब करतात, त्या मात्र सायक्लोहेक्झिमाइड असतानाही वाढतात. दारावर पहारेकरी बसवण्यासारखा हा प्रकार. पण निओसायटॅलिडियमसारख्या काही बुरशी, ज्या डर्माटोफाइट नसूनही नख खरोखर पोखरतात, त्या या पहारेकऱ्यामुळे आत येऊच शकत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी नळी सायक्लोहेक्झिमाइडशिवाय ठेवावी लागते. आणि त्या नळीत मग सगळेच घुसू शकतात.

नळ्या २५ ते ३० अंश तापमानाला ठेवून अधूनमधून पाहतात. जिवाणू एका रात्रीत वसाहत करतात. डर्माटोफाइटला घाई नसते. नखात सर्वाधिक सापडणारी ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी दिसू लागायला आठवडा-दोन आठवडे घेते. वरून पांढरी, कापसासारखी. नळी उलटी करून पाहिली की खालून अनेकदा गडद लाल. मग तिचा अंश निळ्या रंगात बुडवून स्लाइडवर पाहतात, बीजाणूंचा आकार जुळवतात. नमुना निगेटिव्ह ठरवण्याआधी चार आठवडे थांबतात, कारण उशिरा उगवणाऱ्याही असतात. काउंटरवर सांगितलेला महिना तो हाच.

एकदा उगवली की पुरेसे का नाही?

डर्माटोफाइट उगवली तर प्रश्न फारसा उरत नाही. ती वाटसरू म्हणून नखात क्वचितच असते. पण अ‍ॅस्परजिलस किंवा फ्युझेरियम उगवली तर? या दोन्ही माती आणि हवेत सगळीकडे असतात आणि कधीकधी नखाचा आजारही करतात. कायोनिफी कार्टेरीचा पेच इथे जसाच्या तसा उभा राहतो.

मेरी इंग्लिश या ब्रिटिश बुरशीतज्ज्ञांनी १९७६ मध्ये यासाठी निकष मांडले. अशी बुरशी खरी मानायची असेल, तर आधी ती थेट सूक्ष्मदर्शकात नखात दिसली पाहिजे. आणि अगारवर टोचलेल्या २० तुकड्यांपैकी किमान ५ तुकड्यांतून तीच उगवली पाहिजे, सोबत डर्माटोफाइट नको. चुकून पडलेला बीजाणू एखाद्या तुकड्यावर उगवेल, पाचांवर सहसा नाही. अनेक तज्ज्ञ याऐवजी वेगळ्या दिवशी पुन्हा नमुना मागवतात. तीच बुरशी परत आली तर ती मुक्कामी, नाही तर वाटसरू. रिपोर्टवर पुन्हा नमुना पाठवा असा शेरा आला, की लॅब पैसे काढते आहे, असा संशय अनेकांना येतो. या शेऱ्यामागे हे कारण असते.

घाई असेल तर आणखी एक वाट आहे. कापलेले नख फॉर्मेलिनमध्ये टाकून बायोप्सीसारखे पातळ काप काढतात आणि पीएएस या रंगाने रंगवतात. बुरशी किरमिजी दिसते. काही दिवसांत उत्तर मिळते आणि बुरशी निसटण्याची शक्यता केओएच किंवा कल्चरपेक्षा कमी असते. पण फॉर्मेलिनने बुरशी मरते, त्यामुळे त्या तुकड्याचे कल्चर होत नाही आणि जात कळत नाही. काही मोठ्या लॅब पीसीआरही करतात. तो वेगवान आहे, पण वाटसरूचा डीएनए आणि गुन्हेगाराचा डीएनए त्यालाही सारखेच.

हे सगळे कशासाठी? नखासाठी सर्वाधिक वापरले जाणारे टर्बिनाफिन पायाच्या नखाला साधारण १२ आठवडे घ्यावे लागते आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते. सोरायसिसच्या नखाला ते घेऊन उपयोग शून्य. काही उपऱ्या वाटणाऱ्या पण खऱ्या बुरशींवर ते नीट चालत नाही. शिवाय २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून नाव दिलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही नायट्याची बुरशी अनेकदा टर्बिनाफिनला दाद देत नाही. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष. औषध चुकले, हे नखाकडे पाहून कळेपर्यंत अर्धे वर्ष गेलेले असते.

नंतर कार्टर यांचे काय झाले?

गुलाबी बुरशीचा वाद चालू असताना कार्टर मुंबईत नव्हते. १८६३ ते १८७२ ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. जिल्ह्याच्या गावी राहूनही मायसेटोमाचे रुग्ण पाहणे, नमुने जमवणे आणि चित्रे काढणे थांबले नाही. ग्रे यांच्या पुस्तकासाठी काढलेली चित्रे काळीपांढरी होती. इथली त्यांनी रंगीत काढली. १८७४ मध्ये लंडनमध्ये त्यांचा मायसेटोमावरचा ग्रंथ निघाला, तेव्हा मजकूर आणि चित्रे दोन्ही त्यांचेच होते. या वेळी नावाचा आकार ठरवायला दुसरा कोणी नव्हता. साताऱ्याच्या काळातच मुतखड्यांची सूक्ष्म रचना त्यांनी अभ्यासली, त्यावरही पुस्तक लिहिले.

मधल्या रजेत ते नॉर्वेला गेले. तिथे गेरहार्ड हॅन्सन यांनी नुकताच कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. कार्टर यांनी तिथली कुष्ठालये पाहिली, अहवाल लिहिला आणि परतल्यावर काठियावाडात कुष्ठरोगावर काम केले. मग पुन्हा मुंबई.

आणि मुंबईत त्यांना दुसरी संधी मिळाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधली उपाशी माणसे शहरात लोटली आणि एक विचित्र ताप पसरला. आठवडाभर चढायचा, उतरायचा, परत उलटायचा. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी १८७३ मध्ये अशाच तापाच्या रुग्णांच्या रक्तात स्क्रूसारखे वळणारे जंतू दाखवले होते. कार्टर यांनी १८७७ मध्ये मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात ते शोधले आणि सापडले. पण या वेळी ते दिसण्यावर थांबले नाहीत. रुग्णाचे रक्त माकडांना टोचले, माकडांना ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच जंतू दिसले. मायसेटोमाच्या वेळी जी कडी निसटली होती, ती इथे जोडली गेली. या कामात शवविच्छेदन करताना त्यांना स्वतःलाही तो ताप झाला. १८८२ मध्ये त्यांचा स्पायरिलम फीव्हर हा ग्रंथ निघाला आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना पारितोषिक दिले.

ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. लॅव्हरन यांनी शोधलेला मलेरियाचा परजीवी भारतात सर्वांत आधी पाहणाऱ्यांत ते होते, ते साल १८८७. पुढच्या वर्षी, तीस वर्षांच्या नोकरीनंतर, ते निवृत्त होऊन स्कारबरोला परतले. १८९७ मध्ये क्षयाने त्यांचा मृत्यू झाला.

त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, अल्जियर्समध्ये व्हँसाँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने पांढरट दाण्यांतून सूक्ष्मजीव वाढवून दाखवला. तो बुरशी नव्हता, धाग्यांसारखा वाढणारा जिवाणू निघाला. काळ्या दाण्यांची बुरशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच संशोधकांनी वाढवली आणि ब्रंप्ट यांनी तिला मदुराईवरून मदुरेला हे कुलनाम दिले. १९१३ मध्ये पिनॉय यांनी मायसेटोमाचे दोन गट पाडले, एक बुरशीचा आणि एक जिवाणूंचा. पायाकडे बघून दोन्ही सारखेच वाटतात. पण जिवाणूंच्या प्रकाराला अँटिबायोटिक लागते आणि बुरशीच्या प्रकाराला बुरशीविरोधी औषध, बऱ्याचदा शस्त्रक्रियाही. काळे आणि पांढरे दाणे वेगळे आहेत, हे कार्टर यांनी सुरुवातीलाच नोंदवून ठेवले होते.

नमुना देताना काय विचारावे?

नखावर लावायचे औषध चालू असेल तर ते किती दिवस आधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारावे, साधारण दोन आठवडे सांगतात. पोटातून घेतलेल्या गोळ्यांसाठी त्याहून जास्त. औषध अंगात असताना बुरशी नखात दिसते, पण उगवत नाही. नेलपॉलिश आदल्या दिवशीच काढावे. घरून नख कापून पुडीत नेऊ नये. टोकाचाच तुकडा घेतला जात असेल, तर मागचा भागही खरवडणार का, हे विचारायला हरकत नाही. नमुना थोडा जास्त गेलेला बरा, कारण त्याचे दोन वाटे होणार असतात. आणि केओएच पॉझिटिव्ह पण कल्चर निगेटिव्ह असा रिपोर्ट आला, तर दोन्हींपैकी एक खोटा असे समजू नये. नखाच्या तपासणीत हे नेहमी घडते. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात दिसले त्याला महत्त्व देतात.

कायोनिफी कार्टेरी हे नाव आता फक्त जुन्या ग्रंथांत सापडते. मायसेटोमा हा शब्द टिकला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातला, कार्टर यांनी मुंबईत ठेवलेल्या त्याच नावाने.